इंग्रजी क्रियापदापुढचा तो छोटा शब्द

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फ्रेजल व्हर्ब्जची, म्हणजे 'पिक अप'सारख्या क्रियापद आणि छोटा शब्द यांच्या जोड्यांची, यादी दोनदा पाठ केली, दोनदा विसरलात. 'टॉक अबाउट' बरोबर आणि 'डिस्कस अबाउट' चूक, पण का ते कोणी सांगत नाही. 'पिक इट अप' म्हणतात, मग 'लुक इट ॲट' का नाही? वाक्य प्रीपोझिशनवर, म्हणजे 'ॲट', 'टू', 'फॉर' अशा शब्दावर, संपवलं तर चालतं का? आणि या सगळ्याला काही नियम आहे की नुसती घोकंपट्टी?

नियम आहेत. पण निरनिराळ्या गोष्टींचे निरनिराळे, आणि आपण त्या सगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. मी वीसेक वर्षं इंग्रजी शिकवतोय आणि भाषांतरं तपासतोय, पण या विषयातला पहिला धडा मला वर्गात नाही, नोकरीत फजिती होऊन मिळाला.

नोकरीचं पहिलं वर्ष. परदेशातल्या एका ग्राहकाला कळवायचं होतं की तुमचा प्रस्ताव आम्ही तडीस नेऊ. मी ऐटीत लिहिलं, 'वुई विल सी थ्रू युअर प्रपोझल.' उत्तर एका ओळीचं आलं: 'आय होप देअर इज नथिंग टू सी थ्रू.' मला काही उमगेना. वरिष्ठांना दाखवलं. ते हसले आणि माझ्या वाक्यातला 'थ्रू' खोडून त्यांनी तो शेवटी नेऊन ठेवला: 'वुई विल सी युअर प्रपोझल थ्रू.' शब्द तेच, एकाची जागा तेवढी बदलली. मी जे लिहिलं होतं त्याचा अर्थ वाचणाऱ्याला लागला होता तो असा: तुमच्या प्रस्तावामागची लबाडी आमच्या नजरेतून सुटणार नाही.

दोन्ही वाक्यांतला 'थ्रू' दिसायला एकच, काम मात्र निराळं. पहिल्यात तो 'युअर प्रपोझल'ला चिकटलाय. 'काचेतून' म्हणताना 'तून' जसा काचेचा, तसा. प्रस्तावातून आरपार पाहायचं, म्हणजे आत काय दडलंय ते ओळखायचं. हे खरं प्रीपोझिशन, शाळेतलं शब्दयोगी अव्यय. दुसऱ्या वाक्यात 'थ्रू' प्रपोझलचा कोणी लागत नाही. तो 'सी'चा जोडीदार आहे आणि क्रिया पार शेवटाला गेली एवढंच सांगतो. याला पार्टिकल म्हणतात, आणि फ्रेजल व्हर्ब हे नाव काटेकोरपणे बोलायचं तर या दुसऱ्या जोडीचं. (नाव फार जुनं नाही. लेखक लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी ते १९२५ मध्ये छापात आणलं आणि सुचवल्याचं श्रेय शब्दकोशकार हेन्री ब्रॅडली यांना दिलं.) घोकायच्या याद्यांत या दोन जोड्या सर्रास मिसळलेल्या असतात. तुम्ही विसरलात त्यात तुमच्या स्मरणशक्तीचा दोष कमी आणि यादीचा जास्त.

दोन्ही वेगळ्या ओळखायच्या तर नामाच्या जागी 'इट' घाला आणि मोठ्यानं म्हणून बघा. पार्टिकल असेल तर 'इट' मधे शिरतो: 'टर्न इट ऑफ', 'पिक इट अप', 'थ्रो इट अवे'. 'टर्न ऑफ इट' कोणी म्हणत नाही. प्रीपोझिशन असेल तर 'इट' त्याच्या पुढेच राहतो: 'लुक ॲट इट', 'वेट फॉर इट', 'लिसन टू इट'. 'ॲट इट' हा एकच घास आहे, तो मधे तोडता येत नाही. 'लुक इट ॲट' का नाही, याचं उत्तर एवढंच. पूर्ण नाम असेल तर पार्टिकल दोन्हीकडे बसतं, 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ'. सर्वनाम आलं की ही सूट संपली.

कानानंही कळतं. 'टर्न इट ऑफ' म्हणताना आवाज 'ऑफ'वर चढतो. 'लुक ॲट इट'मध्ये जोर 'लुक'वर, आणि 'ॲट' इतका पुसट की नवख्याला ऐकूच येत नाही. आपण मराठीच्या सवयीनं प्रत्येक शब्दाला सारखं वजन देतो, म्हणून हा फरक आपल्या बोलण्यात उतरत नाही. 'ही रॅन अप अ हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल' ही शिक्षकांची लाडकी जोडी आहे. पहिला टेकडी चढला, दुसऱ्यानं बिल वाढवून ठेवलं. 'ही रॅन द बिल अप' म्हणता येतं. 'ही रॅन द हिल अप' म्हटलं तर माणूस टेकडीच उचलून पळत सुटल्यासारखं वाटतं.

आता आधी प्रीपोझिशनची जोडी घेऊ, कारण आपल्या बहुतेक चुका तिथे होतात.

'याला नियम का नाही?' असं कोणी वैतागून म्हटलं की मी विचारतो: त्याला सांग, त्याच्याशी बोल, त्याच्यावर रागाव, त्याच्याकडे माग. हे कोणत्या नियमानं? मराठी शिकणारा एखादा 'त्याच्याशी सांग' म्हणाला तर आपल्या कानाला खटकतं, पण कारण विचारलं तर आपण गप्प. उलट आपण हिंदी बोलतो तेव्हा बिनदिक्कत 'उसको पूछो' म्हणतो, कारण मराठीत 'त्याला विचार'. हिंदीत ते 'उससे पूछो' असतं आणि ऐकणारा गालातल्या गालात हसतो. इंग्रजीत आपण हाच उद्योग करतो. 'अँग्री ऑन हिम' हे 'त्याच्यावर रागावलो'. 'मॅरीड विथ हर' हे 'तिच्याशी लग्न'. 'गुड इन इंग्लिश' हे 'इंग्रजीत चांगला'. 'लिसन म्युझिक' हे 'संगीत ऐकणे', कारण ऐकण्याला मराठीत प्रत्यय लागत नाही. इंग्रजीत हे 'अँग्री विथ हिम', 'मॅरीड टू हर', 'गुड ॲट इंग्लिश', 'लिसन टू म्युझिक'. म्हणून चूक सापडली की ती खोडण्याआधी तिच्या खालचं मराठी वाक्य शोधा. ते सापडलं की तीच चूक पुन्हा होताना तुम्हाला आधीच ऐकू येते.

'डिस्कस अबाउट'चंही असंच, पण तिथे आणखी एक पेच आहे. मी मजकूर तपासताना अशा चुका एका वहीत उतरवत होतो: 'डिस्कस अबाउट', 'रिक्वेस्ट फॉर', 'डिमांड फॉर', 'एम्फसाइज ऑन', 'व्हिजिट टू', 'अटॅक ऑन', 'काँटॅक्ट विथ', 'रिझेम्बल विथ', 'एंटर इन'. दोन पानं भरली तेव्हा सहज शेजारी मराठी लिहीत गेलो. चर्चा करणे, विनंती करणे, मागणी करणे, भर देणे, भेट देणे, हल्ला करणे, संपर्क साधणे, साम्य असणे, प्रवेश करणे. यांत एकही एकटं क्रियापद नाही! सगळीकडे एक नाम आणि त्याला ओढून नेणारं करणे, देणे, साधणे. प्रत्यय येतो तो त्या नामाच्या हट्टानं: अमक्याविषयी चर्चा, तमक्यावर भर, फलाण्याशी संपर्क. आपण इंग्रजीत 'चर्चा' हे नाम घेऊन जातो, तोंडातून मात्र 'डिस्कस' हे क्रियापद बाहेर पडतं, आणि नामाचा हट्ट त्याच्या गळ्यात पडतो.

आणि इंग्रजी नामालाही अगदी हाच हट्ट असतो. 'अ डिस्कशन अबाउट द बजेट', 'अ रिक्वेस्ट फॉर हेल्प', 'एम्फसिस ऑन ग्रामर', 'अ व्हिजिट टू द म्युझियम', 'ॲन अटॅक ऑन द टाउन', 'अ रिझेम्ब्लन्स टू हिज फादर'. सगळं बरोबर. क्रियापद झालं की शेपूट गळतं: 'वुई डिस्कस्ड द बजेट', 'शी व्हिजिटेड द म्युझियम', 'ही रिझेम्बल्स हिज फादर'. नाम आणि क्रियापद एकाच रूपाचं असलं की फसगत जास्त होते, 'रिक्वेस्ट', 'डिमांड', 'व्हिजिट', 'अटॅक', 'काँटॅक्ट' ही सगळी तशीच. तिथे एक पाहायचं: शब्दाआधी 'अ', 'द', 'माय' आहे का? असेल तर तो नाम, प्रीपोझिशन येऊ द्या. तोच शब्द वाक्याची क्रिया असेल तर थेट कर्म. ही एक गोष्ट समजल्यावर माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतला लाल रंग जितका कमी झाला, तितका दुसऱ्या कशानं झालेला मला आठवत नाही.

मग 'टॉक अबाउट' का? 'टॉक'ला विषय थेट घ्यायची जागा सहसा नसते. लहान मूल 'टॉक' करायला लागलं म्हटलं की वाक्य पुरं झालं. विषय जोडायचा तर 'अबाउट'चा पूल लागतो. 'डिस्कस'च्या मुळाशी लॅटिनमधलं 'हलवून सुटं करणे' आहे. कशाला तरी हलवायचं म्हटल्यावर ती वस्तू थेट हाताशी हवी. 'आन्सर द लेटर' पण 'रिप्लाय टू द लेटर' ही जोडीही अशीच, अर्थ जवळपास एक आणि घडण वेगळी.

काही क्रियापदं दोन्ही करतात, आणि तिथे अर्थ फिरतो. 'द पोलीस सर्च्ड हिम' म्हणजे त्याची झडती घेतली, तो समोर उभा होता. 'द पोलीस सर्च्ड फॉर हिम' म्हणजे तो सापडतच नव्हता. 'अटेंड द मीटिंग' म्हणजे हजर राहणं, 'अटेंड टू द पेशंट' म्हणजे देखभाल करणं. 'एंटर द रूम', पण करारात शिरायचं तर 'एंटर इनटू ॲन ॲग्रीमेंट'. 'आस्क हिम' म्हणजे त्याला विचार, 'आस्क फॉर हिम' म्हणजे त्याला बोलवायला सांग, 'आस्क आफ्टर हिम' म्हणजे त्याची ख्यालीखुशाली विचार.

याच्या उलटी चूक म्हणजे 'एक्स्प्लेन मी' आणि 'सजेस्ट मी'. 'मला समजाव'चा 'ला' आपण 'मी'मध्ये मुरवून टाकतो. 'गिव्ह', 'टेल', 'शो', 'सेंड' ही रोजची छोटी क्रियापदं माणूस आणि वस्तू दोन्ही सरळ घेतात. 'एक्स्प्लेन', 'सजेस्ट', 'डिस्क्राइब' यांना माणसाआधी 'टू' हवाच: 'एक्स्प्लेन इट टू मी'.

प्रीपोझिशन निव्वळ लहरीवर येतं असंही नाही. त्याचा मूळ अर्थ बहुतेक वेळा खाली जिवंत असतो. 'ॲट' नेम धरतो, 'टू' पोचवतो. 'थ्रो द बॉल टू हिम' म्हणजे त्यानं झेलावा म्हणून, 'थ्रो द बॉल ॲट हिम' म्हणजे त्याला लागावा म्हणून. लांबच्या माणसाला हाक ऐकू जावी म्हणून 'शाउट टू', अंगावर ओरडायचं तर 'शाउट ॲट'. 'टू'मध्ये समोरचा घेणारा असतो, 'ॲट'मध्ये निशाणा. म्हणून 'लाफ ॲट', 'पॉइंट ॲट', 'स्टेअर ॲट'. 'ऑन'मध्ये भार टाकलेला असतो: 'रिलाय ऑन', 'काउंट ऑन', 'लीन ऑन', 'लिव्ह ऑन'. 'फॉर'मध्ये हाती नसलेल्याची ओढ: 'वेट फॉर', 'होप फॉर', 'लुक फॉर', 'अप्लाय फॉर'. 'फ्रॉम' दूर ठेवतो: 'प्रोटेक्ट फ्रॉम', 'प्रिव्हेंट फ्रॉम', 'अब्स्टेन फ्रॉम'. अशा जुड्या बांधून ठेवल्या की नवीन क्रियापद आलं तरी अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो.

लॅटिनमधून आलेल्या जड क्रियापदांत तर उत्तर शब्दाच्या तोंडालाच लिहिलेलं असतं. 'को', 'कॉम', 'कॉन' म्हणजे सोबत, म्हणून पुढे 'विथ': 'कोऑपरेट', 'कोलॅबरेट', 'कोइन्साइड', 'कम्पीट', 'कॉन्फ्लिक्ट'. 'ॲड' म्हणजे कडे, म्हणून 'टू': 'ॲडहिअर', 'ॲडॅप्ट', 'ॲडजस्ट'. 'सब' म्हणजे खाली, त्यालाही 'टू': 'सबमिट', 'सबस्क्राइब'. 'डि' आणि 'डिस' दूर नेतात, म्हणून 'फ्रॉम': 'डिराइव्ह', 'डीव्हिएट', 'डिफर', 'डिस्टिंग्विश'. दगा देणारे शब्द आहेतच. 'डिपेंड'चा लॅटिन अर्थ 'अमक्यापासून लोंबणे', त्या हिशोबानं 'फ्रॉम' यायला हवा होता. इंग्रजीनं लोंबणं सोडून टेकणं पत्करलं आणि 'ऑन' लावला. 'कन्सिस्ट'ला 'विथ' सहसा लागत नाही, 'ऑव्ह' लागतो. (मालकी दाखवणारा तो 'ऑव्ह', सुटका करणारा दोन एफचा तो 'ऑफ'. आपण दोन्ही सारखेच उच्चारतो आणि मग लिहितानाही घोटाळा करतो.) 'कम्प्राइझ'ला तेही नको. 'द टीम कम्प्राइझेस फाइव्ह पीपल', मधे काही नाही.

आता पार्टिकल, म्हणजे खरी फ्रेजल व्हर्ब्ज. यांचं मराठी माणसाला उगाच भय वाटतं, कारण आपल्याकडे ही युक्ती दोन रूपांत नांदते.

पहिलं रूप संस्कृत उपसर्गांचं. 'हृ' या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार. एकाचा अर्थ दुसऱ्यावरून काढता येत नाही, तरी आपण कधी गडबडलो नाही. आहाराला बसलो आणि प्रहार झाला असं होत नाही. इंग्रजी हे उपसर्ग एके काळी धातूच्या आधीच लावायची. 'अंडरस्टँड', 'विथस्टँड', 'ओव्हरकम' हे त्या काळाचे अवशेष आहेत. ('विथस्टँड'मधल्या 'विथ'चा अर्थ 'विरुद्ध'. जुन्या इंग्रजीत त्याचा तोच अर्थ होता. 'फाइट विथ'मध्ये तो अजून डोकावतो.) पुढे उपसर्ग धातूच्या मागून चालायला लागले. शब्दकोशकार सॅम्युएल जॉन्सन यांनी आपल्या १७५५ च्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत कबूल केलंय की परक्यांना सर्वांत जास्त अडचण येते ती क्रियापदाला मागून जोडलेल्या या शब्दांमुळे. उदाहरणांत त्यांनी 'ब्रेक ऑफ', 'बेअर आउट', 'सेट इन', 'सेट आउट' दिलेत. सगळी आजही चालतात.

दुसरं रूप अधिक घरचं आहे: टाकणे, बसणे, राहणे, घेणे. 'पत्र फाडलं' आणि 'पत्र फाडून टाकलं' यांत फरक काय? फाडलं म्हटलं तर एखादा कोपराही फाटला असेल. फाडून टाकलं म्हटलं की पत्र संपलं. इंग्रजीत नेमकं हेच 'टेअर द लेटर' आणि 'टेअर द लेटर अप'. हा 'टाकणे'वाला 'अप' एकदा ओळखीचा झाला की 'ईट अप' खाऊन टाक, 'ड्रिंक अप' पिऊन टाक, 'बर्न अप' जाळून टाक, 'यूज अप' वापरून संपव ही सगळी आपसूक उलगडतात. वर जाण्याशी त्यांचा संबंध उरलेला नाही. 'टाकणे'चा तरी फेकण्याशी कुठे उरलाय? 'ऑन' कधी कधी 'राहणे'चं काम करतो: 'रीड ऑन', 'कॅरी ऑन', 'कीप ऑन', वाचत राहा, चालू ठेवा. 'अवे'मध्ये 'बसणे' आहे: 'दे चॅटेड अवे', गप्पा मारत बसले.

आता 'आउट'. 'द स्टार्स आर आउट' म्हणजे तारे दिसताहेत. 'द लाइट्स आर आउट' म्हणजे दिवे दिसत नाहीत, गेलेत. एकच शब्द आणि अर्थ उलटे! बोलणारा कुठे उभा आहे ते बघा. तारे लपले होते, तिथून ते बाहेर, आपल्यासमोर आले. दिवा आपल्यासमोर होता, तो आपल्या नजरेबाहेर गेला. पहिल्या वाटेवर 'फाइंड आउट', 'फिगर आउट', 'पॉइंट आउट' आहेत, दडलेलं उघड्यावर येतं. दुसऱ्या वाटेवर 'रन आउट', 'डाय आउट', 'पुट आउट' आहेत, असलेलं संपतं. शुद्धही याच वाटेनं जाते. 'आय पास्ड आउट फ्रॉम कॉलेज' हे आपल्याकडे पदवीचं वाक्य आहे, पण इतरत्र ऐकणाऱ्याला तुम्ही कॉलेजात बेशुद्ध पडलात असं वाटू शकतं.

'ऑफ'ची गंमतही अशीच: 'द लाइट वेंट ऑफ', दिवा बंद झाला, आणि 'द अलार्म वेंट ऑफ', गजर सुरू झाला. मी असं समजावतो की 'ऑफ' म्हणजे संपर्क सुटणं. दिव्याचा विजेशी संपर्क सुटला, तो विझला. गजर दाबून धरल्यासारखा होता, तो सुटला, वाजला. बंदूकही सुटतेच, 'द गन वेंट ऑफ'. आपण तर 'गोळी सुटली' असंच म्हणतो. 'कट ऑफ', 'टेक ऑफ', 'कॉल ऑफ', 'पे ऑफ' या सगळ्यांत काहीतरी सुटलेलं सापडेल. कर्ज 'पे ऑफ' केलं की ते मानेवरून सुटलं.

'डाउन', 'ओव्हर', 'बॅक', 'थ्रू' यांच्यावर इतका वेळ घालवायची गरज नाही, तेच डोळे लावले की दिसतं.

म्हणून पाठांतराची पद्धत उलटी करा. 'गेट'ची चाळीस रूपं एका पानावर लिहिली की एकही लक्षात राहत नाही, कारण त्यांच्यात समान काहीच नसतं. 'गेट'ला स्वतःचा अर्थ तो किती! त्याऐवजी एक पान 'अप'चं, एक 'आउट'चं, एक 'ऑफ'चं. भेटेल ते क्रियापद त्या पानावर, आणि नुसतं कधीच नाही: 'इट' किंवा 'हिम' घालून, वाक्यासकट. 'टर्न डाउन' असं लिहू नका, 'दे ऑफर्ड मी द जॉब अँड आय टर्न्ड इट डाउन' असं लिहा. जागा, जोर आणि अर्थ तिन्ही एकदम बसतात. काही बसणारच नाहीत, ती सुटी पाठ करावी लागतील. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं, हे मी आजवर कोणाला पटवून देऊ शकलेलो नाही.

'पुट अप विथ'सारख्या तीन शब्दांच्या जोड्यांत पार्टिकल आणि प्रीपोझिशन दोन्ही असतात, म्हणून 'इट' शेवटी: 'पुट अप विथ इट'. 'कीप अप विथ', 'कॅच अप विथ', 'कम अप विथ' ऐकून ऐकून आपण 'कोप'लाही 'अप' चिकटवला. ते फक्त 'कोप विथ'. अर्ज भरायचा तर 'फिल इन' किंवा 'फिल आउट', दोन्ही चालतात. 'फिल अप' टाकीसाठी. 'लुक फॉरवर्ड टू'पुढे 'मीट' नाही, 'मीटिंग यू', कारण हा 'टू' प्रीपोझिशन आहे. शंका आली तर पुन्हा 'इट': 'लुक फॉरवर्ड टू इट' म्हणता येतं, 'वाँट टू इट' म्हणता येत नाही. जिथे 'इट' बसतो तिथे आयएनजी.

आता शेवटचा प्रश्न, वाक्य प्रीपोझिशनवर संपवण्याचा. चालतं, आणि पुष्कळदा दुसरा मार्गच नसतो. हे खटकतं असं म्हणणारे पहिले नामवंत म्हणजे कवी जॉन ड्रायडन. १६७२ मध्ये त्यांनी आधीच्या पिढीतले नाटककार बेन जॉन्सन यांच्या भाषेत हा दोष काढला, आणि पुढे शाळामास्तरांनी त्याचा कायदा केला. इंग्रजी बोलणाऱ्यांनी तो कधीच मनावर घेतला नाही. 'हू आर यू टॉकिंग टू?' हेच सरळ इंग्रजी. 'टू हूम आर यू टॉकिंग?' कचेरीच्या कागदावर शोभतं, फोनवर नाही. 'ही वॉज लाफ्ड ॲट'मधला 'ॲट' तर हलवताच येत नाही.

आपली अडचण मात्र वेगळी आहे. शेवटी आला तर चालेल का, ही शंका पुस्तकातली. प्रत्यक्षात आपण तो लिहायलाच विसरतो. 'गिव्ह मी अ पेन टू राइट' असं वाक्य वहीत आलं की मी विचारतो, इथे तर पेन हीच लिहायची गोष्ट झाली, ती कागदावर लिहिणार कशी, चित्र काढून? लिहायला पेन, लिहायला कागद, लिहायला विषय: मराठीत सगळीकडे एकच 'लिहायला' पुरतं, पेनानं लिहायचं, कागदावर की विषयाबद्दल, हे ऐकणारा समजून घेतो. इंग्रजी ते समजून घेत नाही. 'अ पेन टू राइट विथ', 'पेपर टू राइट ऑन', 'समथिंग टू राइट अबाउट', आणि पत्र पाठवायला कोणी असेल तर 'समवन टू राइट टू'.